ऋतुपर्णाचा बेहडा आणि हरलेल्या डावाची गोष्ट

हर्सूलहून बोलतोय. हा भाग ज्यांना ऐकायला जमला नाही त्यांच्यासाठी नेहमीप्रमाणे लिहून काढलाय. बोलताना जे घाईत राहून गेलं ते लिहिताना घातलंय, आणि जिथे मी फारच वाहवत गेलो होतो तिथे कात्री लावलीय.

एका ऐकणाऱ्याने विचारलं होतं, "दादा, मी दोन वर्षं पोकर शिकणाऱ्यांच्या एका ऑनलाइन गटात आहे. रोज वाचतो, माझे डावही तिथे टाकतो. तरी खेळ आहे तिथेच आहे. तुम्ही इतिहासवाले, तुम्हाला काय सुचतं?" पत्र वाचून आधी हसू आलं. मग त्याने सोबत पाठवलेले तीन डाव वाचले. तिन्ही डावांत तो हरलेला होता आणि तिन्ही डावांखाली प्रश्न एकच होता: इतकं वाईट नशीब कुणाचं असतं का?

हा प्रश्न जुना आहे. कमीत कमी महाभारताइतका जुना. म्हणून आज पोकरवर बोलायचं, पण वनपर्वातून सुरुवात करून.

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो, नाहीतर खाली तेच विचारलं जाईल. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन खेळांचा कायदा केला. त्यानंतर पैसे लावून खेळायचे ऑनलाइन खेळ देशभर बंद आहेत, मग तो खेळ कौशल्याचा असो की नशिबाचा. त्यामुळे आज इथे पैसे कसे जिंकायचे हा विषयच नाही. शिकायचं कसं, हा आहे.

तर वनपर्व. पांडव वनात आहेत, अर्जुन अस्त्रं आणायला गेलेला आहे. बृहदश्व नावाचे ऋषी येतात. युधिष्ठिर त्यांच्यापुढे आपलं रडगाणं गातो: मला फाशांचं ज्ञान नव्हतं, मला बोलावून फसवलं, राज्य गेलं, बायकोची विटंबना झाली. आणि शेवटी विचारतो, माझ्याहून दुर्दैवी राजा तुम्ही कधी पाहिलाय का?

आजच्या पोकरवाल्यांच्या भाषेत याला 'बॅड बीट'ची गोष्ट म्हणतात. आपण बरोबर खेळलो पण शेवटचं पान घात करून गेलं, अशी हरल्याची कहाणी. सांगणाऱ्याला सहानुभूती हवी असते. ऐकणारे 'अरेरे' म्हणतात आणि मग प्रत्येक जण आपापली तशीच एक गोष्ट सांगतो. तासभर जातो, कुणाच्या हाताला काही लागत नाही.

बृहदश्व 'अरेरे' म्हणत नाहीत. पाहिलाय, म्हणतात, आणि नळाची गोष्ट सुरू करतात. म्हणजे दिलासा मागायला आलेल्या माणसापुढे ते दुसऱ्याचा हरलेला डाव ठेवतात, सुरुवातीपासून शेवटपर्यंत, कुठे काय चुकलं आणि पुढे काय झालं यासकट.

गोष्ट आपल्याला घरची आहे. दमयंती विदर्भाची. तिचं कुंडिनपूर म्हणजे आजचं अमरावती जिल्ह्यातलं कौंडण्यपूर, असं आपण मानतो. रघुनाथ पंडितांच्या आख्यानामुळे मराठी घरांत ती पिढ्यान्‌पिढ्या माहीत आहे, पण बहुतेकांना हंस आणि स्वयंवर आठवतं. मला त्यातला रस्ता जास्त महत्त्वाचा वाटतो. नळ भाऊ पुष्कराशी द्यूतात सगळं हरलाय, रूप बदललंय, बाहुक या नावाने अयोध्येच्या ऋतुपर्ण राजाकडे सारथी आहे. दमयंतीचं दुसरं स्वयंवर आहे असा निरोप येतो आणि राजाला एका दिवसात विदर्भात पोचायचंय. बाहुक रथ असा हाकतो की राजाचं उपरणं खाली पडतं आणि तो 'थांब' म्हणेपर्यंत ते योजनभर मागे राहिलेलं असतं. राजा थक्क होतो. आणि मग, मला वाटतं थोडं आपलंही काही दाखवावं म्हणून, वाटेतल्या बेहड्याच्या झाडाकडे बोट करून सांगतो: या दोन फांद्यांवर पाच कोटी पानं आहेत आणि २,०९५ फळं.

आता नळ काय करतो? 'वा महाराज' म्हणून पुढे जात नाही. तो रथ थांबवतो. मोजल्याशिवाय खरं मानणार नाही, म्हणतो. राजा म्हणतो उशीर होतोय. नळ म्हणतो, मग दुसऱ्या सारथ्याला घेऊन तुम्ही पुढे व्हा, मी मोजून येतो. राजाचा इलाज चालत नाही. नळ झाड पाडतो, फळं मोजतो, आकडा बरोबर निघतो. मगच विचारतो, हे तुम्हाला कसं येतं? राजा सांगतो की त्याला अक्षहृदय येतं, म्हणजे फाशांचं मर्म, आणि त्यामुळेच मोजणीही येते. तिथेच सौदा होतो. नळ अश्वहृदय देईल, राजा अक्षहृदय देईल. राजा आपलं लगेच देऊन टाकतो आणि घोड्यांची विद्या सध्या तुझ्याकडेच ठेव म्हणतो. अक्षहृदय मिळाल्याबरोबर नळाच्या अंगातून कली बाहेर पडतो.

बेहड्याचंच झाड का, आणि झाडावरची फळं मोजता येण्याचा जुगाराशी काय संबंध, हे कोडं बरीच वर्षं लोकांना पडलं होतं. अभ्यासक सांगतात की त्या काळी फासे म्हणून बेहड्याच्या बिया वापरत. ढिगातून मूठभर उचलायच्या, चारने भाग जातोय का बघायचं. पूर्ण भाग गेला तर कृत, उत्तम. बाकी तीन उरले तर त्रेता, दोन उरले तर द्वापर, एक उरला तर कली, म्हणजे हरला. तेव्हा ढीग बघून नजरेने आकडा सांगता येणं हेच त्या खेळातलं कौशल्य. नळाच्या अंगातून कली निघाला याचा सरळ अर्थ मी असा घेतो की त्याला मोजता येऊ लागलं. (गंमत म्हणून २,०९५ ला चारने भागून पाहिलं. बाकी तीन. त्रेता.) इयन हॅकिंग यांनी संभाव्यतेच्या उगमावर १९७५ मध्ये जे पुस्तक लिहिलं त्यातही ही गोष्ट आहे. जगभर ती वाचली जाते, आपण मात्र ती बहुतेक हंसाच्या चित्रापर्यंतच ठेवली.

या गोष्टीत एक दोष आहे तोही सांगतो. परत आल्यावर नळ पुष्कराला एकाच डावात हरवतो आणि सगळं राज्य मिळवतो. कथेला ते शोभतं. पण नशिबाचा अंश असलेल्या कुठल्याही खेळात एका डावाने काही सिद्ध होत नाही. मर्म कळलेला माणूस शंभर डावांत पुढे असतो, एका डावात हरूही शकतो. पत्र पाठवणाऱ्या मित्राची अडचण इथेच आहे, आणि तिच्याकडे मी परत येतो.

आता मोजण्याकडे. त्यासाठी हर्सूलहून फार लांब जावं लागत नाही. कन्नडवरून औट्रम घाट उतरला की चाळीसगाव, आणि तिथून जवळ डोंगराच्या कुशीत पाटणा, पाटणादेवीचं. तिथल्या देवळात भाऊ दाजी लाडांना एक शिलालेख सापडला, त्यांनी तो १८६५ मध्ये प्रसिद्ध केला. लेख १२०७ सालचा. त्यात भास्कराचार्यांच्या घराण्याची वंशावळ आहे. मुलगा लक्ष्मीधर यादव राजा जैत्रपालाच्या दरबारी, नातू चांगदेव सिंघणाचा ज्योतिषी, म्हणजे आपल्या देवगिरीचा. या चांगदेवाने पाटण्याला एक मठ काढला. कशासाठी? आजोबांचे ग्रंथ, सिद्धांतशिरोमणी आणि बाकीचे, शिकवले जावेत म्हणून.

या लेखाचा शेवटचा भाग जुन्या मराठीत आहे आणि मला तो वरच्या सगळ्या संस्कृत श्लोकांपेक्षा आवडतो. त्यात मठाचा खर्च कसा चालायचा ते आहे. पाटण्याच्या बाजारात जो माल विकायला येईल त्याच्यावर राजाला मिळणारा कर मठाला. गिऱ्हाइकाकडून इतकं, विकणाऱ्याकडून इतकं, तेलाच्या घाण्यामागे इतकं तेल. म्हणजे अंकगणित शिकणाऱ्यांच्या दिव्यात जळणारं तेल गावातल्या तेल्याच्या घाण्यावरून येत होतं. एकत्र बसून शिकायचं तर कुणीतरी रोजचं काहीतरी घालावं लागतं, हे १२०७ मध्ये लोकांना पक्कं माहीत होतं.

सिद्धांतशिरोमणीचा पहिला भाग म्हणजे लीलावती, ११५० ची. त्यात एक उदाहरण आहे: राजवाड्याला आठ दारं, एक एक, दोन दोन, तीन तीन अशी उघडली तर वाऱ्याचे किती प्रकार? उत्तर २५५. दुसरं: सहा चवी, त्यांची मिश्रणं किती? ६३. रीत अशी की आकडे उतरत्या क्रमाने वर लिहायचे, चढत्या क्रमाने खाली, आणि गुणत-भागत जायचं. आठ दारांतून दोन निवडायची तर आठ गुणिले सात, भागिले दोन. अठ्ठावीस.

हीच रीत पत्त्यांच्या जोडाला लावा. बावन्न पानांतून दोन पानं हातात येतात ती किती प्रकारे? बावन्न गुणिले एक्कावन्न, भागिले दोन. १,३२६. पाच पानांचे हात किती? २५,९८,९६०. पोकरचं सगळं गणित या दोन आकड्यांपासून सुरू होतं, आणि ते करायची रीत आपल्या घाटाखाली शिकवली जात होती. मात्र लीलावतीतल्या उदाहरणांत भुंगे आहेत, हंस आहेत, दारं आणि चवी आहेत. डावावर किती लावणं परवडेल हा हिशेब नाही. मोजणारे मठात होते, खेळणारे फडावर. दोघं एकमेकांशी बोलले नाहीत. युरोपात १६५४ मध्ये एका जुगारी सरदाराने आपला अडलेला प्रश्न पास्कालला विचारला, पास्कालने फर्माला पत्र लिहिलं, आणि त्या पत्रव्यवहारातून संभाव्यतेचं शास्त्र उभं राहिलं. ते जास्त हुशार होते असं मला वाटत नाही. तिथे ऋतुपर्ण आणि नळ एका रथात बसले, इतकंच.

आता थोडं कोर्टात जाऊ, कारण 'कौशल्य म्हणजे नेमकं काय' याचं एक नीट उत्तर तिथे मिळतं. आणि तो खटला आपल्याच जुन्या राज्यातला आहे. सिकंदराबादला क्रेसेंट रिक्रिएशन क्लब होता. १९६३ मध्ये पोलिसांनी तिथे छापा घातला, लोक पैसे लावून रमी खेळत होते. खटला भरला तो हैदराबाद जुगार कायद्याखाली. हा निजामी अमलातला, फसली १३०५ चा कायदा. आपण १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात होतो. नोव्हेंबर १९६७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ठरवलं की रमी हा मुख्यतः कौशल्याचा खेळ आहे. कारण दिलं ते ऐकण्यासारखं आहे: कुठली पानं पडून गेली ते लक्षात ठेवावं लागतं, आणि कुठलं पान धरायचं, कुठलं सोडायचं यात कौशल्य आहे. तीन पानी खेळ तसा नाही, असंही म्हटलं. आणि एक अट टाकली की क्लबचा मालक त्या खेळातून नफा काढत असेल तर गोष्ट वेगळी.

आठवण आणि सोडणं. आमच्याकडे लग्नाच्या घरी रात्री रमीचा डाव पडतो तेव्हा मी मागे बसून बघत असतो. चांगले खेळणारे काका पान उचलताना नाही, टाकताना वेळ घेतात.

कोर्टाची ती नफ्याची अटही ध्यानात ठेवा. पोकरमध्ये प्रत्येक पॉटमधून जागा देणारा आपला वाटा काढून घेतो, त्याला रेक म्हणतात. टेबलावरचे सगळे सारखेच हुशार असले तर कालांतराने सगळेच हरतात आणि फक्त जागावाला जिंकतो. हे साधं गणित सांगणारी माणसं पैशाच्या टेबलाभोवती फार नसतात, कारण नवे खेळाडू येत राहणं तिथे सगळ्यांच्या सोयीचं असतं. कायद्याबद्दल ज्याला जे वाटायचं ते वाटो, पण 'मी शिकतोय' म्हणत महिन्याचा पगार घालवलेली पोरं मी याच भागात पाहिलीत. त्यातल्या एकालाही मी विचारलं की गेल्या आठवड्यातला एक डाव पानांसकट सांग, तर सांगता आला नाही. किती गेले ते मात्र रुपयापर्यंत पाठ.

आमचा स्वतःचा एक बारका उद्योग आहे. दर रविवारी आम्ही पाच-सहा जण बसतो, जळगाव रोडच्या अलीकडे एकाच्या गच्चीवर. पोकरच खेळतो, पण चिंचोक्यांवर. पैसा नाही. तासभर खेळ आणि नंतर तासभर एकच डाव घेऊन बोलायचं. वहीत डाव लिहिताना नियम असा की शेवटी कोण जिंकलं ते लिहायचं नाही. तेवढा भाग झाकायचा.

का, ते एका डावावरून सांगतो. हातात दोन बदाम. टेबलावर चार पानं उघडली, त्यात दोन बदाम. अजून एकच पान यायचंय. ते बदाम आलं तर फ्लश होतो आणि आपण जिंकतो, नाही आलं तर हरतो असं धरा. मध्ये शंभर चिंचोके. समोरचा पन्नास टाकतो. आपण पन्नास टाकून कॉल करायचा की फोल्ड?

न दिसलेली पानं ४६. त्यात बदाम नऊ. आता हाच प्रसंग ४६ वेळा आला आणि प्रत्येक पान एकदा एकदा पडलं असं समजा. नऊ वेळा आपण दीडशे मिळवतो: १,३५०. सदतीस वेळा पन्नास घालवतो: १,८५०. पाचशे चिंचोक्यांचा तोटा. म्हणजे फोल्ड. (पुढे फ्लश झाल्यावर समोरच्याकडून आणखी काही निघणार असेल तर हिशेब बदलतो, पण इथे तो विचार बाजूला ठेवलाय.)

हा डाव पहिल्यांदा आमच्याकडे आला तेव्हा ज्याने कॉल केला होता त्याला बदाम आलं होतं. त्याला आजही ते पान आठवतं. निकाल सांगून हा डाव चर्चेला ठेवला असता तर अर्ध्या जणांनी 'भारी खेळलास' म्हटलं असतं. निकाल झाकला तेव्हा पाचही जणांनी कागद ओढला. आणि उलटंही होतं. बरोबर खेळून हरलेला डाव निकालासकट आला की लोक दुःखाला हात घालतात, निर्णयाला घालत नाहीत.

तेव्हा पत्रलेखक मित्रा, तुझ्या तीन डावांबद्दल. पहिल्या डावात तू काहीच वावगं केलं नाहीस. पान वाईट आलं, विषय संपला, त्यावर कुणाचाही वेळ घेऊ नकोस. दुसऱ्यात समोरच्याने किती लावले होते ते तू लिहिलेलंच नाहीस. मध्ये किती होते तेही नाही. उपरणं पडलं हे सांगितलंस, रथ कुठे होता ते नाही; यावर कुणी शहाणा माणूस तरी काय उत्तर देणार? तिसरा डाव खरा अभ्यासाचा आहे. तिथे तू कॉल का केलास याचं एक वाक्य लिही, उत्तरं वाचायच्या आधी. मग उत्तरं आली की जो ठाम बोलतो त्याच्याकडे नाही, जो हिशेब दाखवतो त्याच्याकडे बघ. आणि तो हिशेबही स्वतः करून बघ. नळाने राजाचा शब्दही मोजल्याशिवाय घेतला नव्हता.

अजून एक. दोन वर्षांत तू दुसऱ्याच्या किती डावांवर बसून उत्तर लिहिलंस? पत्रात त्याचा उल्लेख नाही. अश्वहृदय दिल्याशिवाय अक्षहृदय मागणारे पुष्कळ असतात. गटातली जाणती माणसं त्यांना ओळखतात आणि हळूहळू उत्तरं देणं सोडतात. अमेरिकेत १९७० च्या दशकाच्या शेवटी डॉयल ब्रन्सन या खेळाडूने आपली आणि आपल्यासारख्या इतरांची गुपितं एका जाडजूड पुस्तकात छापली, तेव्हा धंद्यातले लोक चिडले होते की आमचं पोट मारलंस. पण पुढच्या पिढीचा खेळ त्या पुस्तकावर वाढला. २०१५ मध्ये कॅनडातल्या अल्बर्टा विद्यापीठाने दोघांत खेळायच्या मर्यादित पोकरचं उत्तर संगणकाने जवळपास पूर्ण काढलं. आता उत्तर यंत्राकडे आहे, ते कुणालाही मिळतं. यंत्र देत नाही ते हे, की तू तिथे घाबरून कॉल केलास की हिशेबाने. ते विचारायला शेजारी माणूसच लागतो.

युधिष्ठिराचं पुढे काय झालं ते राहिलं. नळाची गोष्ट संपल्यावर बृहदश्वांनी त्याला अक्षहृदय शिकवलं. आणि अज्ञातवासात तो विराटाच्या दरबारी कंक नावाने राहिला. काम कोणतं घेतलं? राजाबरोबर फासे खेळण्याचं. तिथे तो जिंकायचा, आणि जिंकलेलं भावांमध्ये वाटायचा.

पाटण्याला जायचं असेल तर पावसाळ्यात औट्रम घाटाची चौकशी करून निघा. पुढच्या भागात हर्सूलच्या तलावाबद्दल बोलू.